रेघेबाहेरचं तूप

येडशी स्टेशनच्या मालधक्क्याला लागून एक पत्र्याची खोली होती. लढाईच्या दिवसांत मी तिथं नोकरीला होतो. खोलीत शिरलं की पहिल्यांदा ओकारीचा वास यायचा. धक्क्यावरचे हमाल उन्हात बसायचे, पण आमच्या खोलीच्या सावलीला फिरकायचे नाहीत. एकदा गाडीची वाट बघत एक बाई चुकून आमच्या पायरीवर टेकली. तिनं पदर नाकाला लावला आणि मला विचारलं, "आत कुणी आजारी हाय का?" कुणी आजारी नव्हतं. आम्ही तूप तपासत होतो.

हा वास तुपाचाच असतो, पण तो त्यात कोंडलेला असतो. तूप कॉस्टिक सोड्यात उकळून त्याचा साबण करायचा, त्यात गंधकाचं तेजाब घालायचं आणि मग अर्क काढतात तशी वाफ काढून थंड करायची. नळीतून जे पाणी टपकतं त्यात तुपातली खास आंबटाई उतरते. तान्ह्या पोरानं दूध ओकून ते दुपट्यावर वाळावं, तशी तिची घाण. ही आंबटाई गाई-म्हशीच्या तुपातच असते. शेंगदाण्याच्या तेलात, वनस्पती तुपात, जनावराच्या चरबीत ती जवळजवळ नसतेच. म्हणून त्या पाण्यात रंग दाखवणाऱ्या औषधाचा थेंब टाकून मोजून खार सोडायचा आणि ते गुलाबी व्हायला किती खार लागला ते बघायचं. जास्त लागला तर तूप खरं. कमी लागला तर भेसळ.

पण कमी म्हणजे किती कमी? त्यासाठी रेघ लागते. आधी खात्रीचं शुद्ध तूप घ्यायचं. मग त्यात दहा भागांत एक भाग वनस्पती, दोन भाग, तीन भाग अशी आपल्याच हातानं भेसळ करायची आणि प्रत्येकाला किती खार लागतो ते चौकटीच्या कागदावर ठिपक्यानं मांडायचं. ठिपके जोडले की वरून खाली उतरत जाणारी रेघ मिळते. पुढं कुठलंही अनोळखी तूप आलं की त्याचा खार मोजायचा, रेघेवर बोट ठेवायचं आणि खाली बघायचं, भेसळ किती ते. मी हैदराबादेत उर्दूतून रसायन शिकलो होतो. सगळ्या शिकण्यात मला आवडलेली गोष्ट हीच होती. दहा माणसं दहा बाजूंनी ओरडत असली तरी रेघ आपली एकच उत्तर देते, असं मला वाटायचं.

आमच्या खोलीत ती रेघ काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर टांगली होती. मीच काढली होती. ठिपके इतके सरळ आले होते की पट्टी लावल्यासारखे. साहेबांनी पाठ थोपटली होती.

साहेब म्हणजे सरकारनं नेमलेले तपासणी अधिकारी. शहरातले, इस्त्रीची शेरवानी, बोलणं मधासारखं. खोलीत ते क्वचितच येत. व्हरांड्यात खुर्ची टाकून, अत्तराचा रुमाल नाकाशी धरून बसत आणि मी आतून आकडा सांगितला की दाखल्यावर सही करत. तूप पुरवायचा गुत्ता कळंबच्या एका व्यापाऱ्याकडं होता. गुत्तेदार खेड्यापाड्यांतून लोणी-तूप गोळा करायचा, आपल्या गोदामात कढवून डब्यांत भरायचा आणि येडशीहून रेल्वेनं पाठवायचा. काही फौजेला, काही सरकारी दवाखान्यांना. तपासणीच्या दाखल्याशिवाय डबा गाडीत चढायचा नाही, असा नियम. आणि दाखला तर प्रत्येक खेपेला मिळायचा. आमच्या रेघेवर गुत्तेदाराचं तूप नेहमी शुद्ध निघायचं, फार तर शंभरात एक-दोन भाग इकडं-तिकडं.

मला त्याचं कौतुक वाटायचं. माणूस आमच्याच लिंगायत समाजाचा, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, कांदालसूणही न खाणारा. म्हटलं, लढाईच्या बाजारात असाही व्यापारी असतो.

माझं गाव येडशीपासून चालत जाण्याइतकं जवळ. घरी आई आणि मी दोघंच. दारात एक म्हैस. आईला म्हशीचा आणि तिच्या तुपाचा भारी अभिमान. रामलिंगाच्या देवळातल्या दिव्याला आमच्या घरचं तूप जायचं.

त्या नोकरीनं माझं जेवण नासवलं. तूप बघितलं की मला अर्काचं ते पाणी आठवायचं. एका संध्याकाळी आईनं कढत भाकरी ताटात टाकली आणि वर तुपाची धार धरली. मी ताट मागं ओढलं.

"का रं? काय झालं?"

"नको माय. आज नको."

"परवा बी नको म्हणलास. त्याच्या आदी बी." ती वाटी हातात धरून उभी राहिली. "वास येतोय व्हय माझ्या तुपाला?"

"तसं न्हाय गं."

"मंग कसं? तिथं सरकारचं डब्यानं तूप हुंगतूस, आता घरचं घाण लागाय लागलं. व्हय ना?"

आई वाटी ठेवून चुलीकडं तोंड करून बसली आणि जेवलीच नाही. मला फार वाईट वाटलं. सकाळी निघताना मी म्हटलं, "माय, एका लोट्यात थोडं तूप दे. आमच्या यंत्रात घालून बघतो. सरकारी शिक्का मारून आणतो, मग तर झालं?" ती हसली नाही, पण लोटा भरून दिला. वर केळीचं पान बांधलं.

दुपारी साहेब गेल्यावर मी ते तूप लावलं. तेजाब घालून जाळ वाढवला आणि नळीतून पाणी टपकायला लागलं, तसा मी खोलीबाहेर पळालो. इतकी घाण मी त्या खोलीत कधीच सोसली नव्हती. धक्क्याच्या कडेला जाऊन खरोखरच ओकलो. तोंड पुसून परत आलो, खार सोडायला लागलो. पाणी गुलाबी होईना. आमच्या शुद्ध तुपाला जेवढा खार लागायचा तेवढा संपला, तरी होईना. मी सोडतच राहिलो. शेवटी रंग आला तेव्हा आकडा बघून मला वाटलं, हात चुकला.

भांडी धुतली. खार नव्यानं तयार केला, नव्यानं पारखला. तूप पुन्हा लावलं. तोच आकडा. भिंतीवरची रेघ उतरवून ठिपका मांडायला गेलो, तर ठिपका रेघेच्या सुरुवातीच्याही वर, कागदाच्या पार कडेला. रेघ पट्टीनं तशीच मागं वाढवली तर हिशेब निघत होता की माझ्या आईच्या तुपात वनस्पतीची भेसळ शून्याहूनही कमी आहे. शुद्धापेक्षाही शुद्ध. असं काही नसतं, हे पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल.

चारा वेगळा असेल म्हणून मी आईला विचारलं, म्हशीला काय घालतेस.

"सगळे घालत्यात तेच. कडबा, सरकीची पेंड. का, नापास झालं का माझं तूप?"

"न्हाय माय. लई पास झालं."

मग मी गावातल्या दोन घरचं दूध समोर काढून घेतलं, स्वतः विरजलं, स्वतः घुसळलं, स्वतः कढवलं. आई बघत होती आणि पोराला काय झालं म्हणून काळजी करत होती. त्या तुपांचे ठिपकेही वरच गेले. आता खोट एकाच ठिकाणी उरत होती. ज्या शुद्ध तुपावर मी रेघ उभी केली तो डबा. तो साहेबांनी आणून दिला होता, लाखेची मोहोर लावून. "माझ्या डोळ्यांदेखत कढवलेलं आहे," असं म्हणाले होते. मी कधी विचारलं नव्हतं, कुठं.

गुत्तेदाराचं तूप नेमकं त्या डब्याशी जुळायचं, म्हणून एका सुट्टीला मी कळंबला गेलो. गुत्तेदाराचं गोदाम गावाबाहेर ओढ्याकाठी होतं. नमुना घ्यायला आलोय म्हटल्यावर दारवानानं सोडलं. आत दोन मोठ्या कढया. एका कढईत खेड्यातून आलेलं लोणी, बुरशी लागलेलं, वर मुंग्यांचा थर. ते तसंच झाऱ्यानं ढवळलं जात होतं. दुसरीतला वास मला आधी कळेना. मग कोपऱ्यातल्या गोणपाटाखाली बघितलं. चरबीचे गोळे, पिवळट, काहींना कातड्याचे केसाळ तुकडे चिकटलेले, आणि माश्या इतक्या की गोणपाट काळं दिसत होतं. मेलेली जनावरं गावोगाव पडतात, त्यांचं सगळं विकलं जातं हे मला माहीत होतं. ते कुठं येतं हे माहीत नव्हतं. एक गडी त्या कढईत विड्याची पानं आणि आंबट ताक टाकत होता, वास मारायला. मग दोन्ही कढया एक व्हायच्या. तिथून डबे. दवाखान्यात कुणा बाळंतिणीच्या भातावर हे पडत होतं.

गुत्तेदार मागनं आला. धोतराचा सोगा वर धरून, पाय जपून टाकत. त्याला राग आला नाही. त्यानं मला बाहेर कडुनिंबाखाली बसवलं, थंड पाणी मागवलं. मी पाण्याला हात लावला नाही.

"हे तुमी तूप म्हणून पाठवता?" मी विचारलं.

"मी कुठं म्हणतो बाबू? तुमचं मशीन म्हणतंय."

"मशीनला तुमी याच कढईतलं तूप शुद्ध म्हणून दिलंय."

"साहेबांनी मागितलं, म्या दिलं. साहेबांनी त्याच्यावर माप बांधलं." तो अगदी शांत होता, लहान पोराला समजावावं तसा. "आता मी त्या मापात बसतो का न्हाय? एक दिस तरी मापाबाहेर गेलो का? मग चोरी कसली?"

"आणि चरबी? तुमच्या गळ्यात लिंग हाय."

"म्हणून तर मी तिला शिवत न्हाय," तो म्हणाला. "गडी शिवत्यात."

परत येताना बैलगाडीत मी अंग आखडून बसलो होतो. कपड्यांना तो वास चिकटला होता आणि शेजारच्यानं तोंड फिरवलं तरी मला वाटत होतं, त्याला सगळं कळलंय.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांपुढं नवा कागद ठेवला. आईच्या आणि त्या दोन घरच्या तुपांवरून काढलेली नवी रेघ. जुन्या डब्यातलं शुद्ध तूप त्या रेघेवर ठेवलं की तिसरा हिस्सा भेसळ निघत होती. साहेबांनी रुमाल नाकापासून न काढता कागद बघितला. ते उर्दूत बोलत. मी मराठीत लिहितो आहे.

"सुरेख काम आहे," ते म्हणाले. "पण बरखुरदार, शून्य कुठं ठेवायचं हे तू ठरवणार का? ते सरकार ठरवतं. सरकारनं मोहोर लावली, ते शून्य."

"शून्य खोटं असेल तर पुढचे सगळे आकडे खोटे, साहेब. रेघ कितीही सरळ असली तरी."

"इथली जनावरं सरकी खातात. तूप वेगळं होतं."

"आमची म्हैसही सरकीच खाते."

ते हसले. "तुझी म्हैस! एका म्हशीवर रियासत चालवायची का?" आणि कागद घडी करून शेरवानीच्या खिशात घातला, सुपारीची पुडी ठेवावी तसा. मला वाटलं होतं चिडतील, घाबरतील. त्यातलं काही झालं नाही. त्यांच्या जवळ उभं राहिल्यावर अत्तराच्या खालून पहिल्यांदा मला तो दुसरा वास आला. कदाचित तो माझ्याच कपड्यांचा असेल. पण त्या दिवसापासून अत्तरही मला सोसेना.

मी वर अर्ज केला. बरेच दिवस काही झालं नाही. मग हैदराबादहून एक बडे अधिकारी चौकशीला आले. उतरले गुत्तेदाराकडं. पुरणाची जेवणं झाली. त्या पानांवर कुठलं तूप वाढलं होतं हे मला नक्की माहीत होतं, कारण आदल्या दिवशी गुत्तेदाराचा माणूस आमच्या गावात घरोघर चांगलं तूप विकत घेत फिरला होता.

चौकशी आमच्याच खोलीत झाली. गोदामातले डबे तपासले, ते शुद्ध निघाले. कारण बडे साहेब भिंतीवरच्याच रेघेवर बोट ठेवत होते. मी म्हटलं, ती रेघच तर चुकीची आहे. ते म्हणाले, मोहोरबंद नमुन्यावरून काढलेली रेघ हीच आहे, दुसरी कायद्यात बसत नाही. मग आईच्या तुपाचा लोटा लावला. वास सुटला तसे सगळे व्हरांड्यात गेले. आकडा आला. बड्या साहेबांनी रेघेवर वर वर बोट नेलं आणि ते काचेबाहेर, चौकटीच्या लाकडावर गेलं.

"रेघ इथं संपते," ते म्हणाले. "याच्या वर तूप नसतं."

"मग हे काय आहे?"

"ते तू सांगायचं. काहीतरी आंबट मिसळलेलं आहे. शुद्ध तूप नाही, एवढं नक्की."

व्हरांड्यात कुणीतरी हसलं. आमच्या साहेबांनी खाली मान घालून ते लिहून घेतलं: अर्जदाराने आणलेला नमुना संशयास्पद. ज्यात चरबी होती ते शुद्ध, आणि माझ्या आईनं घुसळलेलं भेसळीचं. सरकारी अधिकाऱ्यांवर बनावट नमुन्यानं आळ घेतला म्हणून माझी नोकरी गेली. गेली त्याचं दुःख नव्हतं. त्या माणसांनी हसत हसत माझी पाठ थोपटली आणि "तरुण रक्त आहे" म्हणाले, तो हाताचा स्पर्श मला कित्येक दिवस पाठीवर जाणवत होता, गोचीड असावी तसा.

आईला मी सांगितलं नव्हतं. स्टेशनावरच्या कुणीतरी सांगितलं. घरी आलो तर ती अंगणात बसली होती. पुढ्यात लोणी कढवायचं भांडं, घुसळणीचं मडकं, रवी. राखेनं घासून पालथी घातलेली. एक मडकं उचलून तिनं नाकाशी नेलं, पुन्हा ठेवलं.

"मला तर काय वास येईना," ती म्हणाली. "तुला येत होता. सायबाला बी आला म्हणं. माझंच नाक गेलं असंल."

"माय, तुझ्या तुपात काही न्हाय. ते खोटं बोलत्यात."

"एवढे शिकलेले खोटं कशाला बोलतील रं? माझ्या एका लोट्यापायी?"

मी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं. तिनं मान डोलावली, पण त्या आठवड्यापासून रामलिंगाला तूप देणं बंद केलं. देवाला खोटं जायला नको, म्हणाली. तिच्या डोळ्यांतली ती शंका मला गोदामातल्या माश्यांपेक्षा किळसवाणी वाटली. त्या लोकांनी तूप नासवलं ते नासवलं, माझ्या आईचा तिच्या स्वतःच्या हातावरचा भरवसाही नासवला.

मी कळंबला शाळेत मास्तर झालो, आई आणि म्हैस दोघींनाही तिकडं नेलं. पुढं निजामी गेली. रझाकारांच्या धामधुमीत ती खोली बंद पडली होती. नव्या राज्यात पुन्हा उघडली आणि एक नवा अधिकारी आला. मी स्वतःहून त्याच्याकडं गेलो, सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मास्तर, तुमच्या आईचंच तूप खरं, हे मी कशावरून मानू?"

"मानूच नका," मी म्हटलं. "तिचं तूप घेऊही नका. तुम्ही गावोगाव फिरा. समोर धार काढायला लावा, समोर कढवा."

तो फिरला. सुट्टीत मीही बरोबर असायचो. सोनारीकडचं घेतलं, कळंबच्या खेड्यांतलं घेतलं, गाईचं, म्हशीचं, सरकीवरचं, नुसत्या गवतावरचं. ठिपके मांडले तेव्हा ते पट्टीवर बसेनात. शुद्ध तुपाचेच ठिपके वर-खाली पसरले होते, कारण जनावरं तशी वेगवेगळी होती. खरी रेघ बोटाएवढी जाड निघाली. माझी पहिली रेघ एवढी सुंदर सरळ आली होती, कारण सगळं एकाच कढईतलं होतं. त्या पट्ट्यात शेवटी आम्ही आईचं तूप मांडलं. ते अगदी मधोमध पडलं.

मी घरी जाऊन सांगितलं, "माय, तुझं तूप चारचौघींसारखंच निघालं."

"एवढंच?" ती म्हणाली. "मग एवढी वर्सं का लागली?"

नव्या मापावर गुत्तेदाराचे डबे एकामागून एक परत गेले. त्याला शिक्षा मात्र काही झाली नाही. जुन्या राज्यातलं जुन्या राज्यात राहिलं, असं सगळे म्हणत होते. गोदाम धुवून त्यानं धान्याचा व्यापार सुरू केला, पांढरी टोपी घातली, सभांना पुढं बसू लागला. एके दिवशी कळंबच्या बाजारात तो समोरून आला आणि त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. हात मऊ होते, गरम होते.

"मास्तर, नवं माप तुमीच बांधलं म्हणं. झकास काम केलंत." तो आणखी जवळ सरकला. "तेलाची गिरणी टाकतोय. तिथं बी आता तपासणी येणार. तुमच्यासारखा जाणकार माणूस आपल्याकडं पायजे. माप कुठवर ताणतंय, हे तुमच्याशिवाय कोण सांगंल?"

त्याला माझा राग नव्हता. सूडही नव्हता. तो मनापासून नोकरी देत होता. त्याच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल खरोखरच आदर होता, आणि तो आदरच मला सोसेना. मी हात सोडवून घेतला.

"येत न्हाय मी," एवढंच म्हणालो.

"विचार करा. घाई न्हाय," तो म्हणाला आणि पुढच्या माणसाला हात जोडत गर्दीत गेला. मी भाजी न घेताच घरी आलो. आईनं विचारलं, जेवायला वाढू का. मी नको म्हटलं.